नानांना विचारून येऊ

माझ्या सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता, आणि तो पाहावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. नवसाबाई त्यांचं नाव. माहेर सटाण्याकडचं, सासर नाशकाला लागून मखमलाबादच्या शिवारात, आणि या दोहोंच्या मधला मुलूख म्हणजे त्यांच्या लेखी सगळं जग. वणीचा गडही त्यातच येतो, त्यामुळे देवाची सोयही घरच्या घरी झालेली. एवढ्यात माणसाचं भागतं, असं त्यांचं स्पष्ट मत. मला मात्र फिरायचं वेड, त्यामुळे आमचं या बाबतीत कधी पटलं नाही.

आमचा फुलांचा मळा आहे. मळा म्हणायचं ते आता सवयीने, कारण तिन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात आणि गॅलरीतून लोक आमच्या झेंडूचे फोटो काढतात. पहाटे तोडणी, मग निवडणी, मग माझा नवरा भारत व्हॅनमध्ये क्रेट भरून गंगेवरच्या फुलबाजारात नेतो. गंगेवर म्हणजे गोदावरीवर. नाशकात गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकात असतं आणि पुराच्या बातमीत असतं. बोलताना आम्ही गंगाच म्हणतो. बाजार गंगेवर, आंघोळ गंगेवर, आणि माणूस गेला की त्याच्या अस्थीही गंगेत.

मागच्या श्रावणात माझे सासरे गेले. पुंजा त्यांचं नाव, पण आख्खं शिवार त्यांना नाना म्हणायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, जन्मभर प्रत्येक गोष्ट नानांना विचारून करत आल्या. शेवंती कधी खुडायची इथपासून आज भाकरी बाजरीची का ज्वारीची इथपर्यंत. नाना ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’चे हो आणि नाही असे दोन अर्थ होते आणि ते फक्त आईंना कळायचे. मी या घरात येऊन म्हातारी व्हायची वेळ आली, मला अजून फरक सांगता येणार नाही.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. आईंच्या अंबाड्यात रोज वेणी असायची, त्या दिवशीही ती कुणाच्या लक्षात न येता अंबाड्यात तशीच राहून गेली होती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढली आणि पाण्यात सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. उलट मी पुढे होऊन म्हणाले, राहू द्या आई, आता कोण पाळतं हे. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी मागे झाले. तेव्हापासून दिवसभर फुलांत हात घालणारी ही बाई मोकळ्या अंबाड्याने हिंडायला लागली. वेण्या गुंफायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, दुसऱ्या बायकांच्या केसांसाठी पाठवून द्यायच्या, आणि स्वतःच्या डोक्यावर एक पाकळी नाही. मला ते बघवत नव्हतं. मी तसं दोनतीनदा बोलूनही दाखवलं, पण आमच्या घरात माझ्या बोलण्याला पंख्याच्या आवाजाइतकीच किंमत आहे.

मग आमच्या हर्षालीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. पोरगी हट्टीपणात माझ्यावर गेलेली. तिने जाहीर करून टाकलं की आजीच्या केसांत फुलं नसतील तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. भारतने आईंची समजूत काढली, मी काढली, शेजारच्या पुतळाबाईंनी काढली. आईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यांची तशी ना नव्हती. फक्त त्या म्हणाल्या, ‘त्यांला इचारल्याबिगर कशी माळू? जन्मभर समदं इचारून केलं, अन् हे एक न इचारता करू?’

आता गेलेल्या माणसाला विचारायचं कसं, हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. आईंना पडला नव्हता. नाना गंगेत गेले, गंगा समुद्राला मिळते, तेव्हा नाना समुद्रावर पोचले असणार. मला समुद्रावर न्या, मी विचारते आणि येते. हे त्यांनी आम्हाला अशा सुरात सांगितलं की जणू पंचवटीतून वाण्याचं सामानच आणायचं होतं.

इथे माझी पंचाईत झाली. मी निफाडची. आमच्या तालुक्यातून गंगा कुठल्या दिशेने जाते ते मला लहानपणापासून माहीत आहे. ती सूर्य उगवतो तिकडे जाते. नांदूरमध्यमेश्वरला पाणी अडतं, तिथून पुढे कोपरगाव, पैठण, नांदेड करत ती पार दुसऱ्या टोकाच्या समुद्राला मिळते. आपल्या जवळचा समुद्र मावळतीला, सह्याद्रीच्या खाली. नानांची आणि त्याची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. अर्धं नाशिक गंगेत डुबकी मारतं, पण ती पुढे कुठे जाते हे विचाराल तर घाटावरचे लोक डोकं खाजवतील. देवाच्या नदीला कुणी पत्ता विचारत नाही.

मी भारतला म्हटलं, सांगून टाकू. तो म्हणाला, खबरदार. आई सहा महिन्यांनी स्वतःहून काहीतरी मागतेय, तू मध्ये भूगोल आणू नको. समुद्र सगळा एकच असतो, आतून मिळालेला. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, अर्धंच खोटं आहे. मी चरफडले, पण गप्प बसायचं कबूल केलं. खरं सांगते, त्यात माझाही स्वार्थ होता. वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप आणि अर्नाळ्याचा पाण्यातला किल्ला हे तिन्ही माझ्या मनात कधीचे होते. आईंना समुद्र, मला किल्ले. एका दिवसात दोन्ही बसत होतं.

महाशिवरात्रीची घाई संपल्यावर एका पहाटे आम्ही निघालो. तोडणी हर्षालीवर सोपवली. आमची व्हॅन फुलांची, कितीही धुतली तरी झेंडूचा वास जात नाही. आई पुढे बसल्या, मी मागे. कसारा घाटात विरळ धुकं होतं. डोंगर दिसायचे आणि विरून जायचे, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे तरंगत होते. आई अर्धवट झोपेत होत्या. मधेच त्यांनी डोळे उघडले, आरशात बघितलं आणि म्हणाल्या की सूर्य पाठीमागून उगवतोय. भारतने काहीतरी हुं केलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. आईंनी परत डोळे मिटले आणि घाट उतरेपर्यंत त्या कुठेतरी लांब होत्या.

भिवंडीची धूळ खाऊन वसईला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. किल्ल्यात शिरलं आणि एकदम सगळं थंड झालं. वडाच्या मुळ्यांनी भिंती कवटाळलेल्या, चर्चच्या उंच कमानी उभ्या आणि वर छप्पर नाही. माणसं गेली, मूर्ती गेल्या, घंटा गेल्या आणि आभाळ आत आलं. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला कसा घेतला ते मी आईंना सांगत होते. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष भिंतीच्या फटीत उगवलेल्या रोपट्यांवर होतं. त्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि विचारलं की एवढी मोठी घरं बांधणाऱ्या लोकांच्या बाया कुठं गेल्या. परत गेल्या असतील, मी म्हटलं, त्यांच्या गावाला. समुद्रावरून. आई म्हणाल्या, बरंय, सोबत गेल्या.

एका कमानीखाली लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. मुलीचा घोळदार झगा, मुलगा घामाने डबडबलेला, आणि चारपाच जण चांदीसारखे पत्रे धरून. त्या मुलीच्या केसांत मोठा गजरा होता. आई चालत चालत तिच्यापर्यंत गेल्या आणि विचारायच्या आत बोटाने गजरा चाचपला. मी शरमेने अर्धी झाले. पोरगी चांगली होती, हसली. आई परत आल्या त्या रागातच. गजरा प्लॅस्टिकचा होता. रागात त्यांचं माहेर बाहेर पडतं. ‘काय शे हे,’ त्या म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ स्वतःशी पुटपुटत राहिल्या. चांगली जिवंत पोरगी, सवाशीण व्हायला निघालेली, तिला कोण अडवतंय, आणि ती मेलेली फुलं घालते. ज्यांना अडवलेलं नाही ते खोटी फुलं घालतात आणि जी फुलांत जन्म घालवते तिला खरं फूल घालायला परवानगी लागते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

किल्ल्याच्या दर्यादरवाजातून बाहेर पडलं की पाणी दिसतं. ओहोटी होती. लांबवर चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि पलीकडे रुंद करडं पाणी. आई थबकल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. हाच का, त्यांनी विचारलं. भारत हो म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, नाही, ही खाडी. समुद्र अजून पुढे आहे. आईंनी मान हलवली. मग थांबते, म्हणाल्या, अर्ध्या वाटेत कशाला. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखी कळा होती, आणि मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. नाही असं उत्तर आलं तर ही बाई ते पाळेल. आयुष्यभर पाळेल, आणि हर्षाली मांडवात रडेल. आणि उत्तर तर यायचंच नव्हतं, कारण उत्तर देणारा माणूस दुसऱ्याच समुद्रात होता.

जेवण व्हॅनमध्येच केलं, घरून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. मग सोपाऱ्याला गेलो. नालासोपाऱ्याच्या गर्दीतून गल्ल्या काढत काढत एकदम ती शांत जागा येते. विटांची बुटकी टेकडी, भोवती झाडं आणि कुंपण. बघायला काही नाही म्हटलं तर चालेल. पण मला तिथे उगाच भरून आलं. आपल्या पांडवलेण्यात दगडावर जे लेख कोरलेत त्यात सोपाऱ्याचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशकाकडून इथे माल यायचा, बैलांच्या पाठीवरून, डोंगर उतरून, आणि इथून गलबतं निघायची. मी हे आईंना सांगितलं. त्यांनी चहूकडे बघितलं. गलबतं कुठे लागायची, त्यांनी विचारलं, पाणी तर नाही. मी म्हटलं, तेव्हा समुद्र इथे आत होता. गाळ भरत गेला, समुद्र मागे सरकला.

‘समिंदर बी सरकतो?’ आईंनी विचारलं. सरकतो, मी म्हटलं. त्या गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसून राहिल्या. झाडावर कुठलातरी पक्षी एकच सूर लावून बसला होता. भारत गवतात आडवा होऊन झोपून गेला. दुपार अशी लांबली की मलाही वाटायला लागलं, आत्ता त्या गल्लीतून बैलांचा तांडा येईल, घंटा वाजवत, आणि त्यांच्या पाठीवर आपल्याच मळ्यातली फुलं असतील. फुलं दोन हजार वर्षं टिकत नाहीत हे मला कळतं, पण त्या जागी बसून कळत नव्हतं.

सोपाऱ्याहून अर्नाळ्याला जाताना आगाशीच्या रस्त्यावर वाड्या लागतात. केळी, नारळ आणि मधूनमधून सोनचाफा. आईंनी व्हॅन थांबवायला लावली. कडेला एक बाई केळीच्या पानावर चाफा घेऊन बसली होती. दोघींची जी जोडी जमली ती बघण्यासारखी होती. खत काय घालता, किती दिवसांनी पाणी, कळी कधी तोडता, उमलायच्या आधी का नंतर. त्या बाईची बोली वेगळी, आमची वेगळी, पण फुलांच्या बाबतीत दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. आईंनी एक पुडा घेतला. देवाला, त्यांनी मला बजावलं, मी काही विचारलं नव्हतं तरी.

अर्नाळ्याला समुद्र आला. म्हणजे आम्हीच त्याच्यापाशी गेलो, पण वाटलं तसं. सुरूच्या झाडांतून वाळूवर आलो आणि समोर सगळं पाणीच. आईंचं पाऊल अडलं. मग म्हणाल्या, ‘एवढा व्हय,’ आणि त्यांचा आवाज लहान झाला होता. मला वाटतं त्यांना एवढ्या पाण्यात नानांना शोधायचं कसं, याची काळजी लागली असावी.

किल्ला पाण्यातल्या बेटावर आहे, होडीने जावं लागतं. आईंना होडीची भीती वाटली नाही. बेटावर उतरल्यावर मासे वाळत घातलेली अंगणं, घरं, आणि मागे किल्ल्याची काळी भिंत. दरवाज्यावर दगडात हत्ती कोरलेले. आत गेलो तर काय, शेती. भिंतींच्या आत हिरवे वाफे, आणि विहिरीत गोडं पाणी. आईंना ते पटेना. चारी बाजूंनी खारं आणि मधे गोडं, हे कसं? त्यांनी ओंजळीने चाखून बघितलं आणि हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. पुढे एक देऊळ लागलं, समोर आठ कोनांचं तळं. कुठला देव म्हणून भारतने तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, त्र्यंबकेश्वर.

भारतने माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. आईंचा चेहरा मात्र उजळून निघाला. त्र्यंबकहून गंगा निघते, त्र्यंबक इथेही बसलाय, म्हणजे आपण बरोबर जागी आलो. आता त्यांना कुठल्याही नकाशाची गरज उरली नव्हती. त्यांनी चाफ्यातलं एक फूल देवाला वाहिलं आणि किल्ल्याबाहेर मावळतीच्या बाजूला निघाल्या.

तिथे कुणी नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं आणि पाणी तांबूस. आईंनी आम्हाला लांब थांबायला सांगितलं, लुगडं सावरलं आणि पोटरीइतक्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या बोलत होत्या. शब्द येत नव्हते, पण हात दिसत होते. मळ्यात नानांशी बोलताना करायच्या तसेच हातवारे. बहुधा आधी घरचं सगळं सांगितलं असेल, हर्षालीचं स्थळ, जावयाची नोकरी, विहिरीची मोटार. मग हात थांबले. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. वाऱ्याने पदर उडत होता आणि त्या तो सावरत नव्हत्या. मी मनात म्हटलं, नाना, कुठल्याही समुद्रात असा, एवढं एक ऐका.

आई वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी धावत गेले. काय म्हणाले, मी विचारलं. नाना तिथे नाहीत हे माहीत असूनही मी विचारलं.

‘हो म्हनले. माळ की म्हनले. अन् चांगलं टपोरं फूल घे, मोडकं घिऊ नको.’

मला रडू फुटलं. कारण हे नानांनी बोलणं शक्य नव्हतं. आमच्या मळ्यात एक नियम होता, चांगलं फूल बाजाराचं. ज्याची मान मोडली, ज्याची पाकळी गळाली, ते घरच्या बायकांचं. नाना काही वाईट नव्हते, शेतकरी होते, नियम त्यांनी केला आणि आईंनी पाळला. जन्मभर त्यांनी वेणी घातली ती मोडक्या फुलांची, अशी काही गुंफलेली की बघणाऱ्याला कळू नये. आता समुद्रात उभं राहून त्यांना चांगलं फूल मिळालं होतं. मी पुडा उघडून पुढे धरला. त्यांनी एकेक चाफा उलटसुलट करून बघितला, बाजारात गिऱ्हाईक बघतं तसा, आणि त्यातला सगळ्यात उत्तम उचलून माझ्या हातात दिला. मी तो त्यांच्या अंबाड्यात खोवला. भारत पाठ करून उभा होता आणि नाक ओढत होता.

परतीच्या होडीत आम्ही तिघे आणि होडीवाला. ओहोटी सुरू झाली होती. पाणी एका बाजूने ओढ घेत होतं आणि होडी तिरकी जात होती. आईंच्या चाफ्याचा वास येत होता, खाऱ्या वाऱ्यातही येत होता. मला वाटलं झालं, जमलं, खोट्याने का होईना पण एक चांगलं काम झालं. तेवढ्यात होडीवाला भारतला म्हणाला की या वेळी असंच होतं, वैतरणेचं पाणी जोरात ओढतं.

आईंनी मान वळवली. ‘कोनाचं पानी?’

‘वैतरणेचं, मावशी. ती बघा तिकडं समुद्राला मिळते. तुमच्या त्र्यंबककडनंच येते ना.’

‘अन् गंगा?’

होडीवाला हसला. गंगा इथे कुठली, म्हणाला, आणि वल्ह्याकडे वळला. आईंना वैतरणा माहीत होती. इगतपुरीकडे तिच्यावर धरणं आहेत, आमच्याकडे कुणालाही माहीत असतं. ती वेगळी आणि गंगा वेगळी. त्यांनी भारतकडे बघितलं. भारत किनाऱ्यावरची सुरूची झाडं मोजत असल्यासारखा बसला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गप्प राहायचं कबूल केलं होतं ते मला आठवलं, पण त्या नजरेपुढे माझ्याने खोटं बोलवेना.

‘आई, गंगा आमच्या निफाडावरून जाते,’ मी म्हटलं. ‘पैठण, नांदेड, मग तेलंगण, मग आंध्र. ती उगवतीच्या समुद्राला मिळते. लांब. इथे येत नाही.’

आईंचा चेहरा रिकामा झाला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग बेटाकडे, जिथे त्या मघाशी उभ्या होत्या.

‘मंग मघाशी हो कोन म्हनलं?’ त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं, पण ते मी सांगणं बरोबर नव्हतं. बघता बघता ते त्यांनाही कळत गेलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी ‘टपोरं’ असा एकच शब्द पुटपुटला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या ते पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत. मला त्यांचा इतका कळवळा आला, आणि स्वतःचा आणि भारतचा इतका राग आला, की सांगता येत नाही. हे सगळं घरी नीट सांगितलं असतं तर निदान त्या आशेने इथवर आल्या नसत्या.

भारतला राहवेना. तो त्यांच्याजवळ सरकला. ‘आई, चुकलं माझं,’ तो म्हणाला. ‘आपण तिकडं जाऊ. राजमहेंद्रीच्या पुढं, जिथं गंगा समुद्राला मिळते. नाशकातून गाडी पकडू. लग्नाच्या आत जाऊन नानांना विचारून येऊ.’

आईंचा हात हळूहळू वर गेला आणि अंबाड्यावर थांबला. मला वाटलं, आता काढतील आणि पाण्यात सोडतील, जसं रामकुंडावर केलं होतं. पण त्यांनी फुलाचा देठ चाचपला, सैल झाला होता तो जरा आत खोचला, आणि हात परत मांडीवर आणला.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं लांब जायाचं, अन् त्ये नाय म्हनले मंजी?’